जेट्टीच्या कामावर डायव्हरची अंबिलिकल सांभाळताना टेंडरने काय बघायचं?

तुम्ही टेंडर म्हणून, म्हणजे पाण्याखालच्या डायव्हरची होज वरून सांभाळायला लागताय, पहिलं काम रत्नागिरीकडे जेट्टीच्या पाइल्सचं, म्हणजे पाण्यातल्या खांबांचं, आणि विचारताय की होज सोडायची नि ओढायची, यात शिकण्यासारखं काय आहे? खालच्या माणसाची हवा, बोलणं, खोली मोजायची न्यूमो नळी सगळं त्या होजमध्येच असतं, तिलाच अंबिलिकल म्हणतात. वेळ आली तर त्याला वरही त्या होजनेच घ्यायचं.

घोटाळे होतात ते बहुतेक ढिलाईने. खाडीच्या तोंडाशी सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा जोर आला की जास्तीच्या होजला पोट येतं, ते शेजारच्या पाइलला वळसा घालतं आणि कालवांच्या धारेवर घासत राहतं. डायव्हर कुठल्या पाइलच्या कुठल्या अंगाने गेला हे डोक्यात ठेवा. परत त्याच वाटेने यायला हवा. होज हातातच हवी. गरी टाकून बसलेल्याला मासा बोटांत कळतो, तसा खालचा माणूस तुम्हाला कळायला हवा. बोलार्डला, म्हणजे जहाज बांधायच्या खुंटाला, होजचा वेढा मारून चहाला गेलेले टेंडर मी पाहिलेत. अशांबरोबर मी पाण्यात उतरत नाही.

लांबीचा हिशोब होजवरच्या टेपच्या खुणांवरून. डीपी जहाजांवर, म्हणजे नांगर न टाकता थ्रस्टरच्या पंख्यांनी जागेवर राहणाऱ्या जहाजांवर, नियम असा, की डायव्हरची होज थ्रस्टरपर्यंतच्या अंतरापेक्षा निदान 5 मीटर आखूड ठेवून तिथेच पक्की करायची, आणि स्टँडबाय डायव्हरची, म्हणजे मदतीला वर तयार असलेल्याची, तिच्याहून 2 मीटर लांब. जेट्टीवरही मी तेच धरतो. पाणी खेचणारं इनटेक किंवा लागलेल्या जहाजाचा प्रॉपेलर जवळ असेल तर मात्र नुसत्या लांबीवर विसंबू नका, ते बंद करून ‘चालू करू नका’ असा टॅग लागल्याशिवाय उतरणं नाही.

होज हार्नेसच्या डी-रिंगला अडकवलेली हवी, ओढ हेल्मेटवर येता कामा नये. हेल्मेटचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा उलटी जाऊ न देणारी झडप, रोज तपासा. वर होज फुटली आणि तो व्हॉल्व्ह बंद झाला नाही, तर हेल्मेटमधली हवा उलटी नळीत खेचली जाते आणि डायव्हर जबर जखमी होतो, जीवही जाऊ शकतो. पाठीवरचा बेलआउट, म्हणजे अडीअडचणीच्या हवेचा सिलिंडर तेव्हा कामाला येत नाही.

डायव्हरशी बोलायचा फोन गेला तर दोरीची भाषा, म्हणजे होजला ओढे देऊन खुणा. साधारण पद्धत अशी: डायव्हरचे दोन ओढे म्हणजे ढील द्या, तीन म्हणजे ढील काढा, चार म्हणजे वर घ्या. दोन-दोन-दोन आले तर तो अडकलाय, स्टँडबाय पाठवा. वरून जोर लावलात तर गाठ आणखी आवळते. कंपनीचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाठ करा. आणि हातमोजे पातळ घाला, जाड मोज्यातून हलका ओढा कळतच नाही.