परजीवी शेवटी सौम्यच होतो का?

प्रश्न : यजमान (ज्याच्या शरीरावर परजीवी जगतो तो जीव) मेला तर परजीवीही संपतो, मग कालांतराने सगळेच परजीवी निरुपद्रवी का होत नाहीत?

उत्तर : ही समजूत अर्धीच खरी आहे. ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव आवरण्यासाठी १९५० साली मिक्सोमा विषाणू सोडला, तेव्हा लागण झालेले ९९ टक्क्यांहून अधिक ससे मरत. पुढे विषाणूतज्ज्ञ फ्रँक फेनर यांनी रानात आढळणाऱ्या या विषाणूच्या वाणांच्या (उपप्रकारांच्या) जहालपणानुसार पाच श्रेणी पाडल्या, त्यांत मधली, तिसरी श्रेणी सर्वाधिक आढळू लागली; तीही ७० ते ९५ टक्के ससे मारणारी, म्हणजे तिला सौम्य म्हणायला जीभ धजावत नाही. हा विषाणू सशाच्या कातडीवरील गाठींतून डासांच्या सोंडेला चिकटून पसरतो : अतिजहाल वाणाने ससा दोन आठवड्यांच्या आतच मरतो, तर अगदी सौम्य वाणाच्या गाठींत विषाणू कमी असतो आणि ससा लवकर बरा होतो. रॉय अँडरसन व रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हे समीकरणात मांडले : एका रुग्णापासून होणाऱ्या नव्या लागणी म्हणजे प्रसाराचा दर भागिले नैसर्गिक मृत्यू, रोगाने मृत्यू आणि बरे होणे या तीन दरांची बेरीज. जहालपणा वाढला की अंश आणि छेद दोन्ही हलतात, आणि सशांच्या बाबतीत हा भागाकार मधल्या जहालपणाला सर्वांत मोठा येतो.