दारात जाऊन माघारी

प्रश्न : जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुस्लिमांत झालेल्या तिसऱ्या धर्मयुद्धात इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड याने अर्सुफची लढाई जिंकली. मग जेरुसलेम का घेतलं नाही?

उत्तर : रसदीमुळे. ऑगस्ट ११९१ मध्ये अक्को बंदरातून किनाऱ्याने दक्षिणेला जाफा बंदराकडे निघालेलं त्याचं सैन्य कसं चालत होतं ते पाहा. उजवीकडे समुद्र, मधे घोडेस्वार, डावीकडे शत्रूच्या अंगाला पायदळ. निम्मं पायदळ लढे, निम्मं किनाऱ्याकडून सामान वाही. मग पाळी बदले. धान्य जहाजांतून येई. शिपायांच्या अंगात जाड नमदा (दाबलेल्या लोकरीचं कापड) असे. पाठीत दहा-दहा बाण रुतलेले शिपाईही रांग न मोडता चालत होते, असं जेरुसलेम ताब्यात असलेला मुस्लिम सुलतान सलादिन याचा चरित्रकार बहाउद्दीन लिहितो, आणि तो तर शत्रुपक्षातला! एवढा आटापिटा घोडे वाचवण्यासाठी. ७ सप्टेंबरला अर्सुफजवळ पिछाडीच्या हॉस्पिटलर (लढवय्या ख्रिस्ती साधूंचा संघ) स्वारांना घोडे पडताना पाहवेना, ते हुकमाआधीच शत्रूवर सुटले. रिचर्डने लगेच बाकीचे स्वार सोडले म्हणून निभावलं.

जेरुसलेम मात्र डोंगरात, किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर आत. तिथे जहाजं काय कामाची? रिचर्ड जेरुसलेमजवळच्या बैत नुबा गावापर्यंत दोनदा पोचला. पहिल्यांदा, जानेवारी ११९२ मध्ये, पावसाने आणि चिखलाने हाल केले. जूनमध्ये सलादिनने शहराभोवतालच्या विहिरी निकामी केल्या होत्या. शिवाय शहर पडलं तरी राखणार कोण? बरेचसे लढवय्ये नवस फेडून घरी जाणारे. आमच्या मते माघारीचा निर्णय शहाणपणाचाच होता. सप्टेंबर ११९२ च्या तहात टायर ते जाफा किनारा ख्रिस्ती लोकांकडे राहिला आणि निःशस्त्र यात्रेकरूंना जेरुसलेम खुलं झालं.