नुसतं "छान करतेस" पुरत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, दीड वर्ष झालं जॉईन होऊन, कामात एकदम चोख. दोन महिन्यांपूर्वी तिच्याकडून एका रिपोर्टमधे आकडे चुकले आणि मीटिंगमधे सगळ्यांसमोर तिला बोलणी बसली, मी काही बोलले नाही तिला पण मी गप्प बसले हेही खरं. तेव्हापासून साधा मेलसुद्धा मला दाखवल्याशिवाय पाठवत नाही. मी कितीदा म्हटलं, अगं टेन्शन नको घेऊस, छान करतेस तू. ती नुसती हसते. जास्त कौतुक केलं तर तोंडदेखलं वाटेल आणि चूक दाखवली तर अजून खचेल. काय करू?

उत्तर : तुम्ही "मी गप्प बसले" हे स्वतःहून लिहिलंत ना, सुरुवात तिथूनच करा. तिला एकटीला गाठून सांगा, त्या दिवशी मी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं, बोलले नाही, सॉरी. बस, एवढंच. का नाही बोलले ते समजावत बसू नका, नाहीतर तिलाच तुमची समजूत काढावी लागेल.

आता "छान करतेस" बद्दल. शब्द वाईट नाहीये पण तो कुणालाही लागू पडतो, आणि ज्याचा स्वतःवरचा विश्वास उडालाय त्याला तर ती नुसती समजूत वाटते. मी नोकरीला नवीन होते तेव्हा माझा एक लेख वरिष्ठांकडून परत आला, पानभर पेन्सिलीच्या खुणा, बघूनच पोटात गोळा आला, पण एका परिच्छेदाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "हे दोनदा वाचलं, हे फक्त तुलाच दिसलं." बाकी खुणा काय होत्या आज एकही आठवत नाही, ती ओळ आठवते, कारण त्यांनी खरंच वाचलंय हे त्यातून कळत होतं. तुम्हीही तिचं नेमकं काय बघितलंत ते सांगा, कुठली फाईल, कुठला दिवस, त्यामुळे कुणाचं काम सोपं झालं. असं सांगितलेलं कौतुक तोंडदेखलं वाटतच नाही हो.

आणि ऑकवर्ड वाटेल ही भीती सोडा. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी लोकांना आपल्या माणसांसाठी आभाराची पत्रं लिहायला लावली होती, 2018 मधे ते प्रसिद्ध झालं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं समोरच्याला फार अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात तेवढं झालं नाही, उलट त्यांच्या अंदाजापेक्षा माणसं जास्त खूश झाली. आपण सगळेच इथे विनाकारण हात आखडता घेतो.

चूक मात्र लपवू नका, प्लीज. चुका सांगणं बंद झालं की माणसाला वाटतं आता आपल्याकडून कुणाला काही अपेक्षाच उरली नाही, आणि ते बोलणी बसण्यापेक्षा जास्त लागतं. 2014 मधे प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शाळेतल्या मुलांचे निबंध तपासून देताना काहींना सोबत चिठ्ठी दिली होती, की माझ्या तुझ्याकडून खूप अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहितीये म्हणून या सूचना देतोय. ज्या मुलांचा शाळेवर फारसा भरवसा नव्हता त्यांच्यात याचा सगळ्यात जास्त फरक दिसला, निबंध सुधारून परत देणारी मुलं वाढली. सूचना तशाच कडक होत्या बरं का.

आता तो मेल. पुढच्या वेळी दाखवायला आली की पूर्ण वाचून ओके म्हणू नका, त्याने तिची सवय अजून पक्की होते. विचारा, यात तुला कुठल्या ओळीची शंका आहे? तेवढीच ओळ दोघी मिळून बघा आणि बाकीचा मेल तिलाच पाठवू दे, तुमचं नाव सीसीत न टाकता. चार-पाच वेळा असं झालं की मीटिंगमधे तिच्याच कामाचा एखादा छोटा भाग तिला मांडायला सांगा, आदल्या दिवशी सांगून ठेवा, अचानक नको. आणि तिथे कुणी परत आवाज चढवला तर या वेळी तुम्ही बोला.