आधी खोली, मग पेटी : पाळीव सापाच्या घराविषयी प्रश्नोत्तरे

सापासाठी सुताराकडून पेटी करून घ्यायची आहे, माप सांगा, असे विचारणारे बरेच जण सध्या सोलापुरात भेटतात. त्यांतल्या बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो, पेटी कुठल्या खोलीत राहणार याचा विचारच झालेला नसतो, म्हणून इथे एकदमच उत्तरे देते. मी प्राण्यांची डॉक्टर आहे. चुकीच्या पेटीत आजारी पडलेले साप माझ्या टेबलावर येतात, तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

*शेतात मांडूळ सापडले आहे. घरी ठेवायला किती फुटांची पेटी लागेल? (मोहोळ)*

ठेवायचेच नाही. मांडूळ, धामण, नाग, अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना घरात ठेवणे हा गुन्हा आहे. आजच वन विभागाला १९२६ वर फोन करा. मांडुळामुळे घरात पैसा येतो ही शुद्ध थाप आहे आणि तिच्यापायी हे निरुपद्रवी जनावर पोत्यात कोंबून विकले जाते.

*बॉल पायथन साडेतीन फुटांचा आहे. दुकानदार म्हणतो, मोठ्या पेटीत साप घाबरतो, दीड फुटांची पुरे. (जुळे सोलापूर)*

दीड फुटांचा डबा त्याच्याकडे तयार पडून असेल. बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर, आपल्याकडचा रानातला अजगर नव्हे. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला ४ फूट लांब, २ फूट खोल आणि २ फूट उंच जागा द्या. साप पेटीत पूर्ण लांब होऊ शकला पाहिजे. तो मोकळ्या जागेला घाबरत नाही, लपायला जागा नसली की घाबरतो. उबदार बाजूला एक आणि गार बाजूला एक, अशा अंगाला घट्ट बसतील अशा दोन लपणी ठेवा. एकच ठेवली तर ऊब हवी की आडोसा, यातले एक त्याला सोडावे लागते.

*तिसऱ्या मजल्यावर गच्चीखालच्या खोलीत पेटी ठेवणार आहे. परदेशी व्हिडिओत दाखवतात तशी हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) आणि दोन बल्ब घेतले आहेत. आणखी काय बसवू? (होटगी रोड)*

आधी खोली बदला. ते व्हिडिओ थंड देशांतले आहेत. तिथली अडचण थंडीची, आपली एप्रिल-मेची. बॉल पायथनला उबदार बाजूला ३१ ते ३३ आणि गार बाजूला २५ ते २७ अंश सेल्सिअस लागते. सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो आणि वरचा स्लॅब रात्री दहा वाजताही हाताला गरम लागतो. पेटीत बल्ब लावून ऊब वाढवता येते, पण पेटी खोलीपेक्षा थंड ठेवणारे कुठलेही साधन तुमचा सुतार बसवू शकत नाही. खोली ३८ अंशांवर असेल तर पेटीची गार बाजूही ३८ वरच राहणार, आणि सापाला पळायला जागा नाही.

गेल्या मे महिन्यात एक कॉलेजचा मुलगा ओल्या टॉवेलात गुंडाळून साप घेऊन आला. घरी काचेची टाकी, पश्चिमेची खिडकी आणि वर बल्ब चालू. सापाचे तोंड उघडे होते, मान मागे वळत होती, उताणा केला तर त्याला सरळ होता येत नव्हते. सकाळीच तो सुस्त दिसला होता. मुलाने विकणाऱ्याला फोन केला, तर 'कात टाकणार असेल, थांब' असे उत्तर मिळाले. त्यात पाच तास गेले. तो साप वाचला नाही.

म्हणून खालच्या मजल्यावरची, पूर्वेची किंवा उत्तरेची खोली निवडा. पेटी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, थेट ऊन पडेल अशा जागी तर मुळीच नको. उन्हाळ्यात खोलीत कूलर लावा. आपली हवा कोरडी असल्याने तो चांगला चालतो, वर ओलावाही वाढतो. फक्त झोत पेटीवर नको. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रात्री खरेच गार असतात, मॅटचा उपयोग तेव्हा. पण मॅट असो की बल्ब, थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला वीज आपोआप बंद-चालू करणारे उपकरण) एक मिनिटही चालू ठेवू नका. पोटाखालची जागा तापली तरी साप वेळेवर बाजूला सरकत नाही, तिथेच भाजतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या वर, साप जिथे बसतो तिथे पक्का चिकटवा. हवेत लोंबकळणारा सेन्सर चुकीचा आकडा देतो. बल्बला जाळीचा पिंजरा हवाच.

पेटी तयार झाल्यावर साप लगेच आत सोडू नका. आठ दिवस रिकामी चालवा, दोन्ही बाजूंना किमान-कमाल तापमान दाखवणारा मीटर ठेवा आणि आकडे वहीत लिहा. ती वही घेऊन सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे जा. आकडे पाहिल्याशिवाय फोनवर 'ठीक आहे' म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नका.

*प्लाय कोणता? सुतार वाळवीचे औषध मारून देतो म्हणतो. (भवानी पेठ)*

१८ मिमीचा मरीन प्लाय घ्या, आतून सनमायका आणि सगळ्या कडा बंद करून. वाळवीचे औषध अजिबात मारू देऊ नका; बंद जागेतल्या त्या वाफेने साप मरू शकतो. मुंग्यांसाठी डांबरगोळ्याही ठेवू नका, देवदारचा भुसा अंथरू नका. सिलिकॉन बुरशीरोधक नसलेले, साधे घ्या. सिलिकॉनचा आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत दारे उघडी ठेवून पेटी वाळवा. हवेसाठी गार बाजूला खाली आणि गरम बाजूला वर बारीक जाळी बसवा.

*सरकत्या काचेला कुलूप लागते का?*

हो. शोकेसला लावतात ते.

*विकणाऱ्याने नोंदणीची झेरॉक्स दिली आहे. पुरेल का? (अक्कलकोट रोड)*

झेरॉक्सवर नाव कुणाचे आहे ते आधी वाचा. बॉल पायथन हा वन्य जिवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला साप आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश' पोर्टलवर नोंद करायची आहे. एकाच कागदाच्या झेरॉक्स दहा गिऱ्हाइकांना वाटणारे विक्रेते आहेत. पेटीवर पैसे घालण्याआधी कागद घेऊन वन विभागाच्या कार्यालयात जा आणि तिथूनच खात्री करून घ्या.

*डोळ्यांवरची कात निघाली नाही. चिमट्याने काढू?*

नाही. खालचा डोळाच फाटेल. पेटी कोरडी आहे. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) अंथरा, मोठे पाण्याचे भांडे ठेवा, एका लपणीत ओले मॉस (शेवाळ) घाला आणि ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहा. पुढच्या कातीतही ती निघाली नाही तर दाखवायला आणा.

*नव्या पेटीत गेल्यापासून खात नाही, नाकाशी बुडबुडे येतात. आठ दिवस वाट पाहू का? (सात रस्ता)*

खाणे सोडणे जागा बदलल्यामुळेही असते, त्याला थांबता येते. बुडबुड्यांना थांबता येत नाही, तो श्वसनाचा संसर्ग असू शकतो. साप कापडी पिशवीत, पिशवी भोके पाडलेल्या डब्यात घालून आज संध्याकाळीच डॉक्टरकडे न्या. पेटीचे फोटो आणि तापमानाचे आकडे सोबत घ्या.