आरसीए प्लगचे ओहम

प्रश्न : सीडी प्लेअर आणि डॅक (डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) जोडणारी आमची केबल ७५ ओहमची आहे, परंतु तिच्या आरसीए प्लगचा (ध्वनी-उपकरणांवरच्या नेहमीच्या गोल प्लगचा) इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युत संकेताला होणारा ओहममधला अवरोध, तेवढा नसतो असे कळते. केबल बदलावी काय?
— एक वाचक, मालवण

उत्तर : सामान्य आरसीए प्लगचा इम्पीडन्स ७५ ओहमपेक्षा कमी असतो आणि तो जेथे बदलतो तेथून संकेताचा काही अंश मागे परततो, हे खरे; मात्र सीडीच्या डिजिटल संकेताची मूळ वारंवारता २.८ मेगाहर्ट्झच्या आसपास असून केबलमध्ये तिची तरंगलांबी सुमारे ७० मीटर भरते, तेव्हा संकेताच्या तीव्र कडांमधील उच्च वारंवारता जमेस धरल्या तरी दोन-तीन सेंटिमीटरच्या प्लगची मातब्बरी ती काय! दोन्ही उपकरणांवर बीएनसी सॉकेट (७५ ओहममध्ये मिळणारे, प्लग फिरवून अडकवायचे) असेल तरच बदल करावा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेने प्लगवर चढणारा गंज मला अधिक सतावतो; पावसाळा सरल्यावर तो अवश्य पुसावा.