घरच्या बागेत गेल्या वर्षी टोमॅटो भरभरून आले, यंदा नुसती पानं. माझं काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. तुम्ही लिहिलंय, 'तीच जागा, तीच काळजी, उलट खत जास्तच घातलं.' नेमका तिथेच घोटाळा झालाय असं मला वाटतं. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की टोमॅटो माजतो. खोड जाड, पानं गर्द हिरवी, रुबाब असा की येणारा-जाणारा थांबून बघतो, आणि फुलं मात्र चार. खत आता बंद करा.

आलेली फुलंही गळत असतील तर उन्हाकडे बघा. दिवसा पारा ३५ अंशांच्या आसपास गेला आणि रात्रीही गारवा नसला, तर टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल देठापासून गळतं. त्यावर औषध नाही. दुपारी सावली करायची आणि हवा निवायची वाट बघायची. जागाही बदला. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली मंडळी. एकाच मातीत पुन्हा पुन्हा लावली की मर रोग आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तिथे मुक्कामच ठोकतात.

आता माझी फजिती सांगतो. दुधीचा वेल मांडवभर पसरला होता, फुलंही ढीगभर. पण मागे बोटाएवढा दुधी असलेलं मादी फूल दोन दिवसांत पिवळं पडून गळायचं. हाताने परागीकरण करावं लागतं एवढं ठाऊक होतं, म्हणून रोज सकाळी चहा झाला की नर फूल तोडून मादी फुलावर फिरवायचो. आठवडाभर ही पूजा चालली, फळ एक नाही. एकदा संध्याकाळी नळ बंद करायला गेलो तर पांढरी फुलं तेव्हा कुठे उमलत होती! दुधी उमलतो संध्याकाळी, सकाळी त्याची फुलं मलूल झालेली असतात. काकडी आणि भोपळ्याचं उलटं, त्यांना सकाळीच गाठायचं. त्या दिवसापासून दिवेलागणीला जायला लागलो आणि तीन आठवड्यांत पहिला दुधी उतरवला. शिवाय वेलवर्गात सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात. तेव्हा पहिले काही दिवस फळ धरलं नाही म्हणून वेल उपटू नका. (मी एक उपटलाय.)

टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडतो असंही तुम्ही म्हणता. तो रोग नाही. पाणी कधी बदाबदा आणि कधी दोन दिवस नाही, असं झालं की मातीतलं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं कुजायला कित्येक महिने लागतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. वाळलेल्या पाल्याचं आच्छादन करा. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, ओल लागली तर झारी तशीच ठेवा.

मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की लगेच फवारायला धावू नका. त्याच फांदीवर लेडीबर्ड किड्याच्या काळ्या, काटेरी अळ्या असतील तर त्या माव्याचा फडशा पाडतात. मी पहिल्या वर्षी त्यांनाच कीड समजून चिरडत होतो. मावा फारच झाला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा किंवा लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. मिरचीला चुरडा-मुरडा (पानं आकसून वळतात तो रोग) होऊन शेंडा पार आखडला असेल, तर मात्र झाड काढून टाकलेलं बरं. विषाणू असला तर पांढरी माशी तो शेजारच्या झाडांवर नेते.

यंदा मन खट्टू झालं असेल तर एका वाफ्यात मुळा आणि मेथी टाका. महिन्याभरात हाताला काहीतरी लागतं. आणि काकडी लावलीत तर वेल रोज उचलून बघत जा. एखादी पानाआड राहून पिवळी पडली, तर वेल सगळा जोर तिच्या बियांवर लावतो आणि नवी काकडी धरायला कुरकुरतो. मला परवाच अशी एक सापडली, मनगटाएवढी. बी काढून वाळत घातलंय.