दोन महिने गप्प बसवलं नाही ना?

साताऱ्याहून एका गिफ्ट आर्टिकलवाल्यांचं पत्र आहे. माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी त्यांनी जानेवारी 2023 मध्ये तीनशे सिरॅमिक मग छापून दिले. मगावर पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणीचा 1916 सालचा फोटो, खाली 'विजयवीर'. भाच्याने तो कुठल्याशा फोटो एजन्सीच्या साइटवरून उतरवून घेतला होता. जून 2025 मध्ये एजन्सीच्या वकिलाची नोटीस आली: परवाना नसताना व्यापारी वापर केला, पंधरा दिवसांत 1 लाख 80 हजार भरा. प्रश्न नेहमीचाच आहे: 'शंभर वर्षांच्या फोटोवर कसला आलाय कॉपीराइट?'

महिन्याला अशी दोन-तीन पत्रं येतात, कुणाचं कॅलेंडर असतं, कुणाचा टी-शर्ट. त्यामुळे यावर थोडक्यात लिहितो. जुन्या कायद्यात फोटोचा हक्क मूळ निगेटिव्ह तयार झाल्यापासून 50 वर्षं टिकायचा. 1957 च्या कायद्याने मोजणी प्रसिद्धीच्या तारखेवर आणली. तुमचा फोटो त्या काळीच कुठे छापून आला असेल, तर भारतात तो बहुधा 1960 च्या दशकातच मोकळा झाला. एखाद्या पेटीत पडून राहून पुढे कधीतरी प्रसिद्ध झाला असेल, तर छातीठोकपणे काही सांगता येत नाही. हे मग लंडनच्या नातेवाइकांना विकले असतील, तर तिथला कायदा वेगळा. शिवाय भाच्याने साइटच्या अटी मान्य करून फाइल घेतली असेल, तर कॉपीराइट संपला तरी कराराचा मुद्दा उरतो. त्या अटींची प्रत तुम्ही पाठवलेली नाही. भाच्याने ठेवलीही नसणार.

पण तुमचं प्रकरण या कशावर ठरणारच नाही. ठरेल ते पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही सहज सांगून टाकलंत त्यावर: 'नोव्हेंबरमध्ये मी मेल करून चूक कबूल केली, हप्त्याने पैसे देतो म्हटलं, तरी ते ऐकत नाहीत.'

कॉपीराइट भंगाची भरपाई असो की करारभंगाची, मुदत कायद्यात दावा लावायला तीन वर्षं आहेत. तुमचे मग जानेवारी 2023 मध्ये छापून विकले गेले. म्हणजे त्या विक्रीपुरता एजन्सीचा दावा जानेवारी 2026 मध्ये मुदतबाह्य झाला असता. नोटिशीने ही मुदत वाढत नाही, कितीही नोटिसा पाठवोत. ती वाढते त्याच मुदत कायद्याच्या कलम 18 ने: मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी, सहीनिशी जबाबदारी मान्य केली, की त्या दिवसापासून घड्याळ पुन्हा शून्यावर. जून ते नोव्हेंबर पाच महिने तुम्ही नोटीस गल्ल्याखाली ठेवलीत, वकिलाकडे गेला नाहीत. आणि गप्प बसायचे जेमतेम दोन महिने उरले असताना रात्री साडेअकराला मेल लिहिलात. आता एजन्सी म्हणेल, मुदत नोव्हेंबर 2028 पर्यंत.

त्यांचं म्हणणं टिकेलच असं नाही. मेलखाली टाइप केलेलं नाव ही सही धरायची का, आणि ठरलेलं कर्ज नसून नुकसानभरपाईचा वाद असेल तेव्हा कलम 18 कितपत लागू पडतं, यावर भांडता येईल. शिवाय 'कॉपीराइट भंग झाला' ही तुमची कबुली कायद्याच्या प्रश्नावर कोर्टाला बांधत नाही. संपलेला हक्क तुमच्या माफीने जिवंत होत नाही. पण हे सगळं लेखी जबाबात मांडायचं, आणि त्यावर निकाल यायला किती वर्षं जातील ते साताऱ्याच्या कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. 1 लाख 80 हजारांसाठी एजन्सी एरवी दावा लावायच्या फंदात पडली नसती. तुमच्या मेलने त्यांचं काम स्वस्त करून दिलं.

तेव्हा यापुढे एक अक्षरही लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला इमोजीसुद्धा नको. मेल, नोटीस, भाच्याच्या खात्यातली पावती यातलं काही डिलीट करू नका. भाच्याला सांगा, फाइल कोणत्या दिवशी, कोणत्या परवान्यावर घेतली ते शोधायला. वकिलामार्फत जाणारं पुढचं उत्तर एवढंच विचारेल, की या फोटोची मालकी एजन्सीकडे कुणाकडून आणि कोणत्या कागदाने आली. त्याचं धड उत्तर आलं नाही, तर तडजोड मूळ परवान्याच्या किमतीच्या आसपास होऊ शकते. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली उलटा दावा लावता येतो, पण एजन्सीच्या हातात ती कबुली असताना मी त्या वाटेने जाणार नाही.

जाता जाता: कूतमध्ये 1916 साली 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनसोबत वेढ्यात उपाशी होत्या आणि 29 एप्रिलला 147 दिवसांनी सगळे तुर्कांना शरण गेले. त्याखाली 'विजयवीर' लिहिणं गुन्हा नाही, पण मेळाव्यात एकाही सुभेदाराने तुम्हाला हटकलं नाही याचं नवल वाटतं.

आणखी एक. तीनशेपैकी उरलेले चाळीस मग 'नंतर काउंटरवर काढले' असं तुम्ही लिहिलंय. नंतर म्हणजे कधी? प्रत्येक विक्रीची मुदत वेगळी मोजली जाते. बिलबुक काढा आणि शेवटचा मग कोणत्या तारखेला गेला ते मला कळवा. मेलवर नको, फोन करा.